परसातलं घर आणि माफ झालेलं विकास शुल्क

घरामागच्या मोकळ्या जागेत भाड्याचं छोटं घर बांधणाऱ्याला सवलत देणाऱ्या योजना आज अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत आहेत. या सगळ्यांत एक जुना गुंता आहे: सवलत घेतलेल्या घराचं भाडं परवडणारं असेलच असं नाही. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये तो सगळ्यात स्पष्ट दिसतो.

त्याआधीचं थोडक्यात. कॅलिफोर्नियाने १९८२ मध्येच अशा दुसऱ्या घराला वाट करून दिली होती, पण पार्किंग, जाहीर सुनावणी, मालकाचा रहिवास अशा अटी घालून शहरांनी ती अडवून धरली. घरं झाली, पण बरीचशी गॅरेजच्या बंद दाराआड, परवान्याशिवाय.

पोर्टलंडने २०१० मध्ये थेट खर्चाला हात घातला. पाणी, सांडपाणी, रस्ते आणि उद्यानं यांच्यापोटी भरायचं विकास शुल्क एका छोट्या घरालाही दहा हजार डॉलरच्या पुढेमागे पडायचं. ते तात्पुरतं माफ झालं. वर्षाला जेमतेम काही डझन निघणारे परवाने काही वर्षांत शेकड्यांवर गेले. मंदीनंतर सावरलेला घरबाजारही त्यामागे होता. पण शुल्कमाफी नसती तर इतक्या मालकांनी मागचं अंगण खणायला काढलं नसतं, असं मला वाटतं.

गोची वेगळीच होती. माफी देताना भाडं किती असावं, हे विचारलंच नव्हतं. २०१४ मध्ये शहराने पर्यटकांना घर रात्रीच्या हिशेबाने द्यायला रीतसर परवानगी दिली. म्हणजे सार्वजनिक पैसा सोडून उभी राहिलेली घरं भाडेकरूऐवजी पाहुण्यांकडे जाण्याची वाट मोकळी झाली. २०१८ मध्ये माफी कायम झाली, तेव्हा मालकाकडून नोंदणीकृत करार घेतला जाऊ लागला: दहा वर्षं त्या जागेवर पर्यटकांना भाड्याने ठेवायचं नाही. पण भाड्याच्या रकमेवर तेव्हाही बंधन आलं नाही. माझ्या मते चूक इथेच झाली. कराराने मुक्काम किती काळाचा हे ठरवलं, दर खुला ठेवला.

भाड्यावर बंधन नको म्हणणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. ‘परवडणारं’ हा शब्द सरकारी भाषेत परिसरातल्या मध्यम उत्पन्नाच्या टक्केवारीवर मोजतात. कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ शहराने माफी त्याच मापाशी बांधली. मग भाडेकरूच्या उत्पन्नाचे कागद तपासायचे, घराच्या दस्तावर बंधन चढवायचं. एकच खोली भाड्याने देणाऱ्याला हे जाचक होतं. शिवाय अनेक मालक हे घर आधी घरच्यांसाठी बांधतात. भारतातून सहा महिन्यांसाठी येणारे आई-बाबा मागच्या घरात राहिले, तर भाडं शून्य. ते घर परवडणारं धरायचं का?

कॅलिफोर्नियाने पुढे या प्रश्नाला बगलच दिली. २०२० पासून ७५० चौरस फुटांखालच्या घरांना विकास शुल्क नाही, भाड्याची अटही नाही. बांधकामपूर्व खर्चासाठी राज्याने ४०,००० डॉलरपर्यंत अनुदान दिलं, त्यात उत्पन्न तपासलं ते मालकाचं. २०२२ च्या अखेरीस तो निधी संपला.

आता तर राज्याच्या २०२३ च्या कायद्याने शहरांना मुभा दिली आहे, की हे मागचं घर मालकाला स्वतंत्र विकू द्यावं. २०२४ मध्ये सॅन होजे शहराने ती स्वीकारली.