हरलेल्या सेनापतीला सलाम कोण ठोकतं?

कोर्ट नाक्याकडून कळव्याच्या पुलाकडे जाताना ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग लागतो. रोजच्या ट्रॅफिकमध्ये कुणाच्या लक्षात येत नाही, पण हा मुळात किल्ला आहे. पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी बळकावला. हरलेल्या शत्रूचा मान राखतात म्हणजे नेमका कुणाचा राखतात, हे समजून घ्यायला ही जागा फार सोयीची आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं: मरणाने वैर संपतं. रावण पडल्यावर राम बिभीषणाला म्हणतो, ‘मरणान्तानि वैराणि’. प्रतापगडाच्या पायथ्याच्या अफझलखानाच्या कबरीबद्दलही हेच सांगितलं जातं. उत्तर सुंदर आहे, पण अपुरं. कारण इतिहासात बराचसा मान हरलेल्यांना जिवंतपणीच मिळालेला दिसतो, आणि मेल्यावरही न मिळालेले तर असंख्य.

आधी वेढ्याचा रिवाज पाहू. युरोपात ठरलेलं होतं की तटाला खिंडार पडल्यावर, पण शेवटचा हल्ला होण्याआधी, किल्लेदाराने तहाची बोलणी लावली तर शिबंदीला इभ्रतीने बाहेर पडू द्यायचं. हल्ला होईपर्यंत ताणलं तर मात्र दयामाया नाही. चिमाजीअप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांशी झालेला तह याच पठडीतला होता. मराठ्यांची हजारो माणसं त्या तटाखाली पडली होती, तरी पोर्तुगीज शिबंदी हत्यारांसह, निशाणं फडकवत, नगारे वाजवत बाहेर पडली. यात चिमाजीअप्पांचं मोठेपण आहेच, पण हिशेबही आहे. इभ्रतीची वाट मोकळी ठेवली की शत्रू शेवटच्या माणसापर्यंत लढत नाही.

त्यानंतर ३५ वर्षांनी ठाण्यात उलटं घडलं. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांचा पहिला हल्ला मराठी शिबंदीने परतवला. इंग्रज आरमाराचा कमोडोर वॉटसन या वेढ्यात जबर जखमी होऊन गेला. २८ डिसेंबरला इंग्रज तट चढून आत शिरले आणि शिबंदीतल्या बहुतेकांना कापून काढलं. वसईच्या पोर्तुगीजांइतकेच शौर्याने लढलेले हे लोक. त्यांच्यातलं एक तरी नाव आज किती ठाणेकर सांगू शकतील?

याच किल्ल्यात १८१५ मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे कैद झाला. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाचा ठपका ठेवून इंग्रजांनी बाजीरावाकडून त्याला मागून घेतलं होतं. देशी शिपाई फितूर होतील या भीतीने पहारा फक्त गोऱ्यांचा ठेवला, आणि नेमकं तेच नडलं. एका इंग्रज अधिकाऱ्याचा मोतद्दार घोडा फिरवताना, खरारा करताना मराठीत गाणं गुणगुणायचा. त्यातच पळून जायचा सगळा बेत होता. गोऱ्यांना त्यातलं अक्षर कळलं नाही. १८१६च्या सप्टेंबरात त्रिंबकजी पसार झाला.

खरी गंमत पुढे आहे. १८१८ मध्ये तो पुन्हा सापडला आणि चुनारच्या किल्ल्यात गेला. १८२४ मध्ये बिशप हेबर या इंग्रज धर्मगुरूने त्याला तिथे पाहिलं आणि त्या गाण्याचा आशय इंग्रजी कवितेत उतरवला: झुडपाआड तिरंदाज, झाडाखाली घोडा, घोडे पंचावन्न, स्वार चोपन्न, पंचावन्नावा रिकिबीत पाय ठेवील तेव्हा दख्खन पुन्हा बहरेल. मनात येतं, १८१६ मध्ये कुठल्या इंग्रजाने अशी कविता केली असती का? तेव्हा त्रिंबकजी म्हणजे निव्वळ खुनी. पेशवाई बुडाली, तो म्हातारपणाकडे झुकला, सुटायची शक्यता उरली नाही, तेव्हा कुठे तो कवितेत बसण्याजोगा झाला. बाजीरावाच्या या कारभाऱ्याबद्दल मला फारसं प्रेम नाही, पण त्याच्या सुटकेतला रोमांच आधी इंग्रजांनी टिपला हे मान्य करायला हवं.

त्याच ठाण्याच्या तुरुंगात २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरेंना फाशी दिलं गेलं. महादेव कोळ्यांचा हा नायक सावकारी आणि कंपनी सरकार या दोघांशी सह्याद्रीत काही वर्षं झुंजला. त्यांच्यासाठी ना नगारे, ना निशाणं. सरकारदरबारी ते सेनापती नव्हतेच, दरोडेखोर, बंडखोर. म्हणजे मानाची पहिली अट शौर्य नाही. तुम्हाला ‘शत्रू’ हा दर्जा आधी मिळावा लागतो, आणि तो दर्जा देणारा जेता असतो.

गणवेश असला की चित्र कसं पालटतं ते पाहायला आफ्रिकेत जावं लागेल. सुरुवात मात्र मुंबई बंदरातूनच होते. पहिल्या महायुद्धात, १६ ऑक्टोबर १९१४ला इथून निघालेलं ब्रिटिशांचं सुमारे ८ हजारांचं सैन्य, बहुतेक हिंदी, जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या (आजच्या टांझानियातल्या) टांगा बंदरावर उतरलं. समोर पॉल फॉन लेटो-फोरबेक हा जर्मन अधिकारी आणि हजारेक माणसं, त्यांतले बहुसंख्य अस्कारी, म्हणजे जर्मनांच्या पदरचे आफ्रिकन शिपाई. चवताळलेल्या मधमाश्यांनीही हात धुऊन घेतले म्हणतात. मुंबईहून गेलेली फौज लाखो काडतुसं किनाऱ्यावर टाकून परत बोटीवर चढली. पुढची चार वर्षं हा माणूस हाती लागला नाही. युरोपात युद्ध थांबल्यावर दोन आठवड्यांनी, २५ नोव्हेंबर १९१८ला त्याने शस्त्रं खाली ठेवली. त्याचा देश हरला होता, तो नव्हता.

१९२९ मध्ये ब्रिटिशांच्या आफ्रिका मोहिमेतल्या जुन्या सैनिकांनी त्याला लंडनला मेजवानीला बोलावलं. त्याच्यामागे रानोमाळ धावलेला जनरल स्मट्स यजमानांत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लेटोवर हलाखीची वेळ आली तेव्हा या जुन्या वैऱ्यांनीच त्याला हात दिला, असं सांगतात. तो १९६४ मध्ये वारला, ९३ वर्षांचा होऊन. ‘मरणान्तानि’ इथे लागूच होत नाही.

कैद्यांशी तो सभ्यतेने वागला, शब्द पाळला, हे खरं. पण ज्याला पकडता आलं नाही त्याला थोर म्हटल्यावर आपलं अपयशही जरा थोर दिसतं, हेही तितकंच खरं. शिवाय या मोहिमेत दोन्ही बाजूंचं ओझं वाहताना भुकेने आणि रोगराईने मेलेल्या आफ्रिकन हमालांचा आकडा लाखाच्या घरात जातो. ते त्या मेजवानीला नव्हते.

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती रोमेल याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून दोनच ओळी. जानेवारी १९४२ मध्ये चर्चिलने भर पार्लमेंटात त्याला थोर सेनापती म्हटलं. तिकडे उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश सेनापती ऑकिन्लेक आपल्या अधिकाऱ्यांना बजावत होता की रोमेलचा बागुलबुवा करू नका. युद्धानंतर पश्चिम जर्मनीचं नवं सैन्य उभारायचं होतं तेव्हा हिटलरशी बिनसलेला, नाझी पक्षाचा सभासद नसलेला रोमेल सगळ्यांनाच सोयीचा ठरला.

आपल्या घरांशी जास्त जवळची गोष्ट कुत-अल-अमाराची आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, या गावी अडकलेली ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पूना डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ला तुर्कांना शरण गेली. तीत मराठा पलटणी होत्या, म्हणजे कोकणातली, साताऱ्याकडची पोरं. डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड याला तुर्कांनी सन्मानाने वागवलं. इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला दिला, फिरायची मुभा दिली. त्याच्या सुमारे १३ हजार माणसांना वाळवंटातून चालवत नेलं. त्यांतली हजारो वाटेत आणि छावण्यांत मेली. शत्रूने राखलेला मान छावणीतल्या एकाच तंबूपाशी थांबला होता.