लेझर की एलईडी? कागदावरच्या कणांवरून ओळखा

नाशिकच्या वाकडी बारवेपासून गणपतीची विसर्जन मिरवणूक निघते, त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात हमखास प्रश्न येतो: "सर, काल रथावर लेझर होता की एलईडी?" (मिरवणुकीतला सरळ, जाड झोत टाकणारा शार्पी दिवा या दोन्हींत बसत नाही. त्यात बहुधा साधा प्रखर दिवाच असतो.)

मी उत्तर न देता मुलांना डार्करूममध्ये नेतो. लाल लेझर डायोड, पॉवर सप्लाय आणि भिंतीवर पांढरा कागद, एवढंच सामान. करंट हळूहळू वाढवायचा. आधी कागदावर फिकट लाल उजेड पडतो, कुंकू सांडल्यासारखा, सगळीकडे सारखा. ही एलईडीचीच वागणूक. करंट आणखी वाढवला की एका ठरावीक आकड्यावर उजेड झपकन चढतो आणि त्यात बारीक वाळूसारखे कण चमकायला लागतात. मान हलवली की तेही सरकतात. इथून पुढे लेझर. डायोड तोच, आतला पदार्थही तोच. त्या करंटला आम्ही उंबरठा म्हणतो. पोरांचे चेहरे त्या क्षणी बघण्यासारखे असतात.

एलईडीत प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या वेळी जास्त ऊर्जेवरून खाली येतो आणि मनाला येईल त्या दिशेला फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक पुंज, सोडतो. लेझरमध्ये जवळून जाणारा फोटॉनच पुढच्या इलेक्ट्रॉनला खाली आणतो, आणि नवा फोटॉन रंग, दिशा, ठेका सगळ्यांत पहिल्यासारखाच निघतो. गर्दीच्या टाळ्या आणि नाशिक ढोलाचा एकत्र पडणारा ठोका, इतका हा फरक. आइनस्टाइन यांनी हे 1917 साली मांडलं, तर मैमन यांनी 1960 मध्ये माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला. फोटॉन आतल्या आत पुढेमागे फिरत ठेवायला लेझरला आरसे लागतात, पण आमच्या डायोडला ते वेगळे लागत नाहीत. स्फटिक नीट तोडला की त्याच्या समोरासमोरच्या दोन गुळगुळीत कडाच आरशाचं काम करतात.

ग्रेटिंगमधून, म्हणजे उजेडाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीतून, पाहिलं तर एलईडीचा रंग 20-30 नॅनोमीटर पसरलेला दिसतो, लेझरचा टोकदार ठिपका.

डोळ्याच्या बाबतीत मात्र हा फरक जिवाला लागतो. एलईडीचा उजेड चहूकडे पसरतो. त्यातला थोडाच डोळ्यात शिरतो आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यावर दिव्याएवढी प्रतिमा उमटते. लेझरचे किरण जवळजवळ समांतर असतात. डोळ्याचं भिंग ते एका सूक्ष्म बिंदूवर गोळा करतं, आणि तिथली तीव्रता बाहुलीवरच्या तीव्रतेच्या सुमारे लाखपट होते. 1 मिलीवॅटच्या पॉइंटरपासून पापणी मिटून बहुतेक वेळा बचाव होतो, पण स्टेजवरचे लेझर काही वॅटचे असतात. तिथे पापणी मिटेपर्यंत भाजलेलं असतं. मिरवणुकीतल्या लेझरने नाशिकच्या तरुणांच्या डोळ्यांना इजा झालेली आहे, आणि पडद्यावरच्या त्या पेशी पुन्हा येत नाहीत. साध्या गॉगलने काही होत नाही; चष्मा त्या ठरावीक तरंगलांबीचाच लागतो.

म्हणून मुलांना सांगतो, कण बघायचे ते कागदावर. झोत तोंडाकडे वळला तर आधी पाठ फिरवायची.