ऑस्ट्रियातील धूम्रपानबंदी : कायदा झाला, मोडला, पुन्हा झाला

ऑस्ट्रियातील कॉफीगृहे आणि खाणावळी आज धूरमुक्त आहेत. पण त्यासाठीचा कायदा संसदेने आधी मंजूर केला, अंमलात येण्यापूर्वीच मोडीत काढला आणि मग पुन्हा मंजूर केला.

२००९पासून तेथे अर्धवट नियम होता. ५० चौरस मीटरपेक्षा लहान जागेत धूम्रपान चालू द्यायचे की नाही, हे मालकाने ठरवायचे. मोठ्या जागेत त्यासाठी वेगळे दालन ठेवायचे. मधल्या काचेच्या दारामुळे गिऱ्हाइकांची सोय झाली, मात्र हातात ट्रे घेऊन दिवसभर त्याच दारातून ये-जा करणाऱ्या वेटरला धूर चुकला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाशी झुंजताना धूम्रपानाविरुद्ध मोहीम चालवणारे पत्रकार कुर्ट कुख जानेवारी २०१५मध्ये गेले, आणि त्याच वर्षी सोशल डेमोक्रॅट व पीपल्स पार्टी यांच्या आघाडी सरकारने संपूर्ण बंदीचा कायदा केला. अंमलबजावणीची तारीख मात्र मे २०१८ ठेवली.

या मुदतीतच ऑक्टोबर २०१७ची निवडणूक आली. उजव्या विचारसरणीच्या फ्रीडम पार्टीचे नेते हाइन्त्स-ख्रिस्टियान श्ट्राखे, जे स्वतः सिगारेट ओढत, त्यांनी आरोग्याचा हा प्रश्न ‘निवडीच्या स्वातंत्र्या’चा करून टाकला. सेबास्टियान कुर्त्स यांच्या पीपल्स पार्टीने फ्रीडम पार्टीसोबत सरकार बनवण्यासाठी बंदी मागे घेण्याची तिची अट मान्य केली आणि आपणच संमत केलेली बंदी मार्च २०१८मध्ये रद्द केली. सोबत तंबाखू खरेदीचे किमान वय १६वरून १८ केले. चांगलीच तरतूद, पण वेटरच्या उपयोगाची नव्हे.

व्हिएन्नातील डॉक्टरांची संघटना आणि कर्करोग साहाय्य संस्था यांनी पुढाकार घेतलेल्या बंदीच्या मागणीवर ८ लाख ८१ हजारांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. इतक्या सह्या झाल्या तर सार्वमत घेऊ, असे म्हणून सरकारी कार्यक्रमात लिहिलेल्या ९ लाखांपेक्षा हा आकडा थोडाच कमी होता. प्रत्यक्ष लोकशाहीचा आग्रह धरून मते मागितलेला फ्रीडम पक्षही बधला नाही, हे मला या प्रकरणातले सर्वांत गंभीर वाटते.

मे २०१९मध्ये, इबिझा बेटावर गुप्तपणे चित्रित केलेल्या आणि श्ट्राखे मदतीच्या बदल्यात सरकारी कंत्राटे देऊ करताना दिसणाऱ्या चित्रफितीमुळे त्यांना उपचान्सेलरपद सोडावे लागले आणि आघाडी कोसळली. सप्टेंबरची निवडणूक तोंडावर असताना, जुलैमध्ये पीपल्स पार्टीने पुन्हा बंदीच्या बाजूने मतदान केले. फ्रीडम पार्टी विरोधातच राहिली. १ नोव्हेंबर २०१९ रोजी बंदी लागू झाली, म्हणजे मूळ तारखेनंतर अठरा महिन्यांनी, आणि तोवर वेटर त्याच काचेच्या दारातून ये-जा करत होते.