पंचवीस वर्षांचा पूर पंचवीस वर्षे थांबत नाही

२६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीने बदलापूर परिसरात हाहाकार उडवला. त्यानंतर चौदाच वर्षांनी, २७ जुलै २०१९ रोजी, त्याच नदीच्या पाण्यात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. तरीही ‘मोठा पूर येऊन गेला, आता शंभर वर्षे चिंता नाही’ ही समजूत ठाणे जिल्ह्यात आजही ऐकू येते, आणि नदीकाठी घर घेताना माणसे तिच्यावर विसंबतात.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांच्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची असते. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदीपात्र आणि निळी रेषा यांमधील जागेत, उद्याने, वाहनतळ यांसारखे अपवाद वगळता, नवीन बांधकाम करता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात मात्र जोते लाल पूरपातळीच्या ०.४५ मीटर वर ठेवल्यास परवानगी मिळू शकते.

पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता पंचविसात एक, म्हणजे ४ टक्के. फाशाला मागचे दान आठवत नाही, तसेच नदीला मागच्या वर्षीचा पूर आठवत नाही. यंदाची शक्यताही ४ टक्केच राहते. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९६ असल्याने सलग वीस वर्षे तो न येण्याची शक्यता ०.९६ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.४४ होते. याचाच अर्थ, वीस वर्षांचे गृहकर्ज फिटेपर्यंत निळ्या रेषेपर्यंत पाणी निदान एकदा पोहोचण्याची शक्यता ५६ टक्के आहे. शंभर वर्षांच्या पुरासाठी हाच आकडा १८ टक्के येतो, आणि तोही दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

ही शक्यता काढण्यासाठी दरवर्षीचा सर्वांत मोठा विसर्ग, म्हणजे नदीतून दर सेकंदाला वाहणारे पाणी, घेऊन ते आकडे उतरत्या क्रमाने मांडतात. नोंदी n वर्षांच्या असतील, तर m व्या क्रमांकाच्या विसर्गाइतका किंवा त्याहून मोठा विसर्ग येण्याची वार्षिक शक्यता m/(n+१) धरतात. चाळीस वर्षांच्या नोंदींत पहिल्या क्रमांकाला एकेचाळिसात एक एवढीच शक्यता मिळते. शंभर वर्षांचा पूर त्या मोजमापांच्या पलीकडे, गणिती वक्र पुढे वाढवून काढावा लागतो. त्या विसर्गाचे पातळीत रूपांतर करताना नदीचे आडवे छेद, म्हणजे काठापासून काठापर्यंत पात्राचा आणि पूरमैदानाचा आकार, वापरतात. म्हणून छेद बदलला की त्याच विसर्गाची पातळीही बदलते. पर्जन्यनक्षत्राचे वाहन बेडूक आहे की म्हैस, यावरून पावसाचा अंदाज बांधणाऱ्यांना यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. नगररचनेला मात्र दुसरा आधार नाही.

मला नियमावलीतील सर्वांत मोठी उणीव या बदलत्या छेदांबाबतच दिसते. जोते उंच करण्यासाठी बहुतेकदा भराव टाकला जातो. एक हेक्टर पूरमैदानावर एक मीटर भराव घातला, तर १०,००० घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर पाण्याची जागा नाहीशी होते. ते पाणी शेजारच्या सखल वस्तीत पसरते, किंवा वेळेआधी खाली कल्याणच्या खाडीकडे धावते, जिथे भरतीच्या वेळी त्याला वाट मिळत नाही. एका भूखंडाचा परिणाम काही मिलिमीटरचाच असेल. परंतु परवानगी भूखंडागणिक तपासली जाते आणि शंभर भूखंडांच्या बेरजेचा हिशेब कोणत्याही एका अर्जात दिसत नाही. प्रत्येक इमारत नियमात बसूनही लाल रेषा स्वतःच वर सरकू शकते.

यावर उपाय ज्ञात आहेत. मधल्या पट्ट्यात जोते भरावाऐवजी खांबांवर उचलण्याची सक्ती करता येते. भराव अपरिहार्य असेल, तर त्याच पूरमैदानात तेवढ्याच घनफळाचे उत्खनन करून पाण्याला जागा परत देता येते. शिवाय तापलेली हवा दर अंशामागे सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकत असल्याने जुन्या पावसाच्या नोंदींवर आखलेल्या रेषा ठरावीक मुदतीने नव्याने आखाव्या लागतील, आणि विकास आराखड्याच्या प्रत्येक सुधारणेआधी ते काम पूर्ण झालेले असावे, अशी अट नियमावलीतच हवी.