पाळीच्या आधीचे ते पाच दिवस आणि वेट लॉसचं गणित

वीस-बावीस दिवस सगळं मस्त चाललेलं असतं. सकाळचं चालणं होतंय, ऑफिसात डबाच खाल्ला जातोय, चहाबरोबर बिस्किटांऐवजी फुटाणे, काट्यावरचा आकडाही हळूहळू खाली येतोय. आणि मग एका रात्री साडेदहाला फरसाणाचा डबा आठवतो, त्यानंतर फ्रीजमधलं मुलांचं चॉकलेट दिसतं, आणि आपण ओट्याशी उभ्याउभ्याच अर्धं संपवतो. दोन-तीन दिवसांनी पाळी येते तेव्हा डोक्यात प्रकाश पडतो, अच्छा, हे त्याच्यामुळे होतं होय! तरी पुढच्या महिन्यात परत तेच, कारण तोवर आपण "माझा कंट्रोलच नाही" असं म्हणून मोकळ्या झालेल्या असतो.

कंट्रोलचा भाग थोडा असेलही, पण शरीराच्या बाजूने काय चाललंय ते आधी बघू. पाळी संपल्यापासून ओव्ह्युलेशनपर्यंत (म्हणजे अंडाशयातून अंडं बाहेर पडेपर्यंत) इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढत जातं आणि इस्ट्रोजेन भूक थोडी दाबून ठेवतं, म्हणून ओव्ह्युलेशनच्या आसपास खाणं महिन्यातलं सगळ्यात कमी असतं (हे फक्त बायकांमध्ये नाही, उंदीर आणि माकडांच्या माद्यांमध्येही दिसलंय, त्यांना कोणी डाएट चार्ट दिलेला नव्हता). त्यानंतरच्या साधारण दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन वर चढतं, इस्ट्रोजेनची भूक दाबणारी पकड सैल होते, शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने वाढतं आणि शेवटच्या काही दिवसांत दोन्ही हार्मोन्स धाडकन खाली येतात. बहुतेकींची खा-खा या उतारावरच सुरू होते.

आता रील्समध्ये एक वाक्य फार फिरतं, की पाळीच्या आधी शरीर रोज ५०० कॅलरी जास्त जाळतं त्यामुळे बिनधास्त खा. असं नाहीये. १९८०च्या दशकातल्या छोट्या अभ्यासांत आकडे मोठे यायचे हे खरं, पण २०२० मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा विश्रांतीच्या वेळची जळण वाढते पण किंचितच असं निघालं, आणि नवीन अभ्यासांत तर तो फरक आणखी पुसट होता. खाणं वाढतं ते मात्र सरासरी शंभर ते तीनशे कॅलरींच्या दरम्यान, अभ्यासागणिक आकडा बदलतो. म्हणजे भूक खोटी नाही, पण ती "जळतंय म्हणून लागतेय" एवढी सरळही नाही.

मग गोडच का, किंवा तळलेलंच का? यावरचं सगळ्यात गाजलेलं उत्तर अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या रिचर्ड आणि जुडिथ वर्टमन या जोडीचं. मेंदूत मूड सांभाळणारं सेरोटोनिन बनायला ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल लागतं, पण रक्तातून मेंदूत शिरताना त्याला बाकीच्या मोठ्या अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते. गर्दीच्या वेळी दादरला एकाच दारातून लोकलमध्ये चढायची जी झुंबड असते तसलाच प्रकार. कार्बोहायड्रेट खाल्लं की इन्सुलिन सुटतं, ते बाकीच्या बऱ्याच अमिनो आम्लांना स्नायूंकडे पिटाळतं आणि ट्रिप्टोफॅनला दार मोकळं मिळतं. १९८९ च्या त्यांच्या अभ्यासात पीएमएस (पाळीच्या आधी दर महिन्याला होणारा शरीराचा आणि मूडचा त्रास) असलेल्या बायकांना पाळीच्या आधी संध्याकाळी भरपूर कार्बोहायड्रेट आणि अगदी कमी प्रोटीन असलेलं जेवण दिलं तर मूड सुधारलेला दिसला. थिअरी सुंदर आहे, आणि म्हणूनच इंटरनेटवर ती पूर्ण सत्य म्हणून खपते. पण अडचण अशी की त्या जेवणात थोडं जरी प्रोटीन मिसळलं तरी हा परिणाम बोथट होतो. आपण त्या दिवसांत काय खातो? मिल्क चॉकलेट, शेव, वडापाव, आइस्क्रीम. सगळ्यात फॅट भरपूर, प्रोटीनही थोडंफार आहेच. नुसता सेरोटोनिनचाच प्रश्न असता तर आपण साखर घातलेल्या साबुदाण्याच्या पेजेसाठी तडफडलो असतो.

दुसरी फेमस थिअरी मॅग्नेशियमची, की शरीरात मॅग्नेशियम कमी पडतं म्हणून चॉकलेट मागतं. मग भोपळ्याच्या बिया का नाही मागत, त्यात तर चॉकलेटपेक्षा जास्त असतं? १९९४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मिचेनर आणि रोझिन यांनी यावर एक खट्याळ प्रयोग केला होता. चॉकलेटची तलफ येणाऱ्यांना सांगितलं की तलफ आली की कधी खरं चॉकलेट खा, कधी व्हाइट चॉकलेट (ज्यात कोकोचं बटर असतं पण कोकोतली ती सगळी रसायनं जवळपास नसतात), कधी कोको पावडर भरलेल्या कॅप्सूल गिळा. खऱ्या चॉकलेटने तलफ भागली, व्हाइटने अर्धीमुर्धी, आणि कॅप्सूलने काही न खाल्ल्याइतकीच! म्हणजे ओढ आहे ती चवीची, वासाची, तोंडात विरघळण्याची.

याच्याही पुढचं म्हणजे ही तलफ कुठल्या पदार्थाची यायची ते आपण वाढलो कुठे यावरही ठरतं. अमेरिकेत ज्युलिया हॉर्म्स यांनी २०१७ मध्ये विद्यार्थिनींचा एक अभ्यास छापला, त्यात परदेशात जन्मलेल्या मुलींपैकी साधारण १७ टक्के म्हणाल्या की पाळीच्या सुमारास चॉकलेटची तलफ येते, आणि स्थलांतरितांच्या तिथेच जन्मलेल्या मुलींमध्ये हेच प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास होतं. अंडाशयं तीच, हार्मोन्स तेच, मग हा फरक आला कुठून! माझं मत असं की हार्मोन्स भूक आणि चिडचिड वाढवतात, आणि त्या अवस्थेत "मला आता काहीतरी पाहिजे" याला आकार देतं आपलं लहानपण, आपली गल्ली आणि आपलं स्वयंपाकघर. म्हणून एकीला चॉकलेट, दुसरीला कोपऱ्यावरची शेवपुरी, आणि माझ्यासारखीला कैरीचं लोणचं आणि गरम भात, रात्री अकरा वाजता.

आता वेट लॉसवाल्यांसाठी खरा मुद्दा. तलफेपेक्षा जास्त नुकसान करते ती बंदी. टोरंटोमधल्या जेनेट पोलिव्ही आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये काही मुलींना आठवडाभर चॉकलेट बंद करायला लावलं, आणि नंतर समोर ठेवलं तेव्हा सगळ्यात जास्त कोणी खाल्लं? ज्या एरवीही डाएटवर असतात आणि ज्यांना बंदी घातली होती त्यांनी. शिवाय पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी डाएट करणाऱ्यांची अजून एक सवय दाखवून दिलीये जी आपल्या सगळ्यांना पाठ आहे: एक चकली खाल्ली, डाएट मोडलं, आता मोडलंच आहे तर अख्खा डबाच संपवू, सोमवारपासून बघू.

इथे जरा आकडेमोड करू. समजा तुम्ही रोज गरजेपेक्षा ४०० कॅलरी कमी खाताय. २८ दिवसांची तूट ११,२०० कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. आता पाळीच्या आधीचे पाच दिवस तुम्ही ठरवून रोज २५० कॅलरी जास्त खाल्ल्या, तर गेले १,२५०, उरली ९,९५०, म्हणजे महिन्याच्या कष्टाचा नऊ-दशांश भाग शाबूत. अगदी पाचही दिवस हजार-हजार जास्त खाल्ले तरी निम्म्याहून जास्त तूट शिल्लक राहते. महिना बुडतो तो त्या पाच दिवसांमुळे नाही, तर त्यानंतर वैतागून "जाऊ दे, माझं काही होणार नाही" म्हणत पुढचे दहा दिवस सोडून दिल्यामुळे. म्हणून दिवसाचं टार्गेट धरून बसण्यापेक्षा हिशोब महिन्याचा ठेवावा, आणि त्या पाच-सहा दिवसांत वजन उतरवायचा हट्टच सोडावा, आहे तिथे राहिलं तरी चालेल एवढंच खावं.

हा विचार माझ्या डोक्यातून आलेला नाही. डेन्मार्कमध्ये पाळीच्या चक्राप्रमाणे आहार आणि व्यायाम बदलणारा सहा महिन्यांचा एक प्रयोग २०१६ मध्ये छापून आला होता, त्यात शेवटपर्यंत टिकलेल्या बायकांचं वजन साध्या डाएटवाल्यांपेक्षा जास्त उतरलं. मात्र ६० जणींपैकी जवळपास निम्म्या मध्येच गळाल्या होत्या, त्यामुळे हा पुरावा आहे पण त्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावा इतका पक्का नाही.

मग करायचं काय. मोबाईलमध्ये पाळीची तारीख तर आपण टाकतोच, त्याच्या आधीचे सहा-सात दिवसही मार्क करा, म्हणजे पुढच्या वेळी तलफ अचानक येणार नाही, ती येणार हे माहितीच असेल. (पीसीओएस हा अंडाशयांचा आणि हार्मोन्सचा विकार असेल, चक्र अनियमित असेल तर तारखा जुळणार नाहीत, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हे चढउतारच वेगळे असतात.) त्या दिवसांत सकाळच्या खाण्यात प्रोटीन वाढवा, दोन अंडी, मुगाचं धिरडं, उसळ, पनीर, काहीही, आणि दुपार-संध्याकाळच्या मध्ये उपाशी राहू नका, कारण रात्री साडेदहाचा तो हल्ला बऱ्याचदा संध्याकाळी पाच वाजताच्या रिकाम्या पोटाचा असतो. आणि जे खायचंय तेच खा, पण ताटलीत काढून, बसून, जेवणानंतर. छोटं चॉकलेट एकच आणा, फॅमिली पॅक आणून "रोज दोनच तुकडे खाईन" हे कोणाला जमलंय? तलफ चिवड्याची आणि खाल्लं खजूर, असं केलं तर खजुराच्या वर चिवडाही खाल्ला जातो, हा अनुभव बहुतेकींचा असेल. आणि गूळ म्हणजे साखर नाही असं समजून गुळाचे लाडू चेपणाऱ्यांनो, शंभर ग्रॅम गुळात पावणेचारशेच्या वर कॅलरी असतात, साखरेच्या जवळपास तेवढ्याच.

उपासाचं एक बोलायलाच हवं. संकष्टी येते साधारण साडेएकोणतीस दिवसांनी, त्यामुळे ज्यांचं चक्र २९-३० दिवसांचं आहे त्यांच्या बाबतीत ती महिनोन्‌महिने चक्राच्या त्याच टप्प्यावर येऊ शकते, आणि तो नेमका पाळीच्या आधीचा असेल तर दिवसभर उपाशी, मध्ये दोन वेळा गोड चहा, चंद्रोदयानंतर ताटभर जेवण आणि वर मोदक. श्रद्धेचा भाग तुमचा तुम्ही बघा, पण वजन कमी करायला म्हणून त्या दिवसांत उपास धरत असाल तर तो उलटाच पडतो.

झोप आणि कॅल्शियम, दोन्हींबद्दल थोडक्यात. २००४ मध्ये शिकागोत दोन रात्री चारच तास झोपू दिलेल्या लोकांमध्ये भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. ते सगळे तरुण पुरुष होते म्हणा, बायकांच्या प्रश्नांची उत्तरं पुरुषांवर शोधायची ही विज्ञानाची जुनी खोड. पण पाळीच्या आधी बऱ्याच जणींची झोप बिघडते, त्यात रात्री एकपर्यंत मोबाईल कशाला. कॅल्शियमचा पुरावा मात्र बायकांवरचाच आहे आणि बरा आहे: १९९८ च्या अमेरिकेतल्या मोठ्या ट्रायलमध्ये रोज १,२०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांची पीएमएसची लक्षणं तिसऱ्या चक्रापर्यंत ४८ टक्क्यांनी कमी झाली, त्यात खाण्याची तलफही आली. खोट्या गोळीनेही ३० टक्के फरक पडला होता हेही सांगायला हवं. दूध, दही, नाचणीची भाकरी, तीळ यांनी सुरुवात करा, गोळी डॉक्टरांना विचारूनच.

आणि त्या आठवड्यात काट्यावर चढूच नका. शरीरात पाणी धरलं जातं, एखादा किलो सहज वाढलेला दिसतो, काहींना दोनही, आणि एका वर्षभराच्या नोंदींच्या अभ्यासात ही सूज सगळ्यात जास्त पाळीच्या पहिल्या दिवशी दिसली होती. ती चरबी नव्हे. तुलना करायचीच तर पाळी सुरू झाल्यापासूनच्या सातव्या दिवसाची मागच्या पाळीच्या सातव्या दिवसाशी करा.

तलफ खाण्याच्या पदार्थांची नसून पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती, बर्फ, कच्चे तांदूळ असल्या गोष्टींची असेल तर मात्र हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, लोहाच्या कमतरतेत असं होतं आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया होता. आणि खाण्याबरोबर दर महिन्याला भयंकर नैराश्य, रडणं, घरच्यांवर तुटून पडणं असं होत असेल, रोजची कामं अडत असतील, तर तो पीएमडीडी (पीएमएसचं तीव्र रूप) असू शकतो, त्यावर औषधं आहेत आणि काहींना ती पाळीच्या आधीचे फक्त दोन आठवडे घेऊनही चालतात. डॉक्टरकडे जाताना दोन चक्रांची रोजची नोंद सोबत न्या, एकेका ओळीची का असेना, निदान त्या नोंदीवरच होतं.