चेस की सूअल? बेंगल्सच्या एका निवडीची पार्श्वभूमी

२९ एप्रिल २०२१ रोजी क्लीव्हलंड येथे झालेल्या एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सिनसिनाटी बेंगल्स संघाने पाचव्या क्रमांकावर लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू पुढे धावत झेलणारा) जमार चेस याला निवडले, तेव्हा ऑरेगन विद्यापीठाचा टॅकल (बचावफळीला अडवणाऱ्या रांगेच्या टोकाचा खेळाडू) पेनेई सूअल अजून उपलब्ध होता. दोनच क्रमांकांनंतर डेट्रॉइट लायन्सने त्याला घेतले. त्यावरून पेटलेला वाद या दोन नावांभोवतीच फिरत राहिला. त्याची मुळे मात्र सहा वर्षे मागे जातात.

ड्राफ्टमध्ये आयपीएलसारखी बोली लागत नाही. आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते आणि याच रीतीने २०२० मध्ये क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा) जो बरो बेंगल्सकडे आला. क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटेपर्यंत त्याच्यावर चालून येणाऱ्यांना थोपवून धरणे हे ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या पाच जणांचे (दोन टॅकल, दोन गार्ड आणि मधला सेंटर) मुख्य काम. बरोच्या पहिल्या दहा सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांनी त्याला ३२ वेळा चेंडूसह पाडले आणि २२ नोव्हेंबर २०२० रोजी वॉशिंग्टनविरुद्ध त्याचा डावा गुडघा निकामी होऊन मोसमच संपला. त्यानंतर टॅकलच घ्या, असा धोशा चाहत्यांनी लावला तर त्यात नवल नव्हते.

तथापि संघाने लाइनकडे पाठ फिरवली होती असे म्हणता येत नाही. २०१५ मध्ये पहिल्या दोन्ही फेऱ्यांत सेड्रिक ओबुएही आणि जेक फिशर हे टॅकल घेतले गेले. वारसदार तयार आहेत अशा समजुतीत असलेल्या संघाने २०१७ मध्ये अकरा मोसम खेळलेल्या अँड्र्यू व्हिटवर्थला आणि गार्ड केव्हिन झाइटलरला करार संपताच जाऊ दिले. ते वारसदार उभे राहिलेच नाहीत. त्याच वर्षी नवव्या क्रमांकावर वाइड रिसीव्हर जॉन रॉस आला. ४० यार्ड ४.२२ सेकंदांत पळणाऱ्या या खेळाडूला पहिल्या मोसमात एकही झेल घेता आला नाही. २०१८ मध्ये सेंटर बिली प्राइस आणि २०१९ मध्ये टॅकल जोना विल्यम्स यांच्यावर पहिल्या फेरीतील निवडी खर्च झाल्या, पण विल्यम्सचा पहिला मोसम खांद्याच्या दुखापतीत वाया गेला. दुर्लक्षाचा आरोप त्यामुळे टिकत नाही; पारख चुकल्याचा आरोप टिकतो.

२०२१ मध्येही तेच घडले. दुसऱ्या फेरीत संघ ३८व्या क्रमांकावरून ४६व्यावर उतरला आणि त्याने लाइनसाठी जॅक्सन कार्मनला घेतले, परंतु त्याला लाइनमध्ये जागा टिकवता आली नाही. माझ्या मते जाब विचारायचा तर या निवडीचा विचारायला हवा होता. चेसने सरावाच्या सामन्यांत झेल सोडले आणि महाविद्यालयीन चेंडूवर असतात तसे पांढरे पट्टे एनएफएलच्या चेंडूवर नाहीत असे कारण दिले, तेव्हा टीकाकारांना आयते कोलीत मिळाले; पुढे त्याने त्याच मोसमात १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळणारे गुण) मिळवून सर्वोत्कृष्ट नवोदित आक्रमक खेळाडूचा मान पटकावला. सूअलही कमी ठरला नाही, २०२३ आणि २०२४ या दोन्ही मोसमांत त्याला ऑल-प्रो, म्हणजे लीगमधील त्या मोसमाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात स्थान मिळाले.

लाइनची उधारी मात्र तशीच राहिली. त्या मोसमात साखळी सामन्यांत बरो ५१ वेळा पाडला गेला. पुढे बाद फेरीत टेनेसी टायटन्सविरुद्ध नऊ वेळा पडूनही बेंगल्स १९-१६ असे जिंकले, हे आजही खरे वाटत नाही. १३ फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, लॉस एंजेलिस रॅम्स २३-२० असे पुढे असताना अखेरचा मिनिट चालू होता, बेंगल्सचा चौथा डाउन (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी शेवटचा) होता आणि हवा होता एकच यार्ड. रॅम्सच्या ॲरन डोनाल्डने गार्डला मागे टाकून बरोला विळखा घातला. पडता पडता बरोने भिरकावलेला चेंडू कुणाच्याच हाती लागला नाही. त्याच क्षणी चेस आपल्या बचावपटूला मागे टाकून मोकळा धावत होता. विजयी रॅम्सचा लेफ्ट टॅकल होता, वयाच्या चाळिशीतला अँड्र्यू व्हिटवर्थ.