पार्श्वभूमी: पायथनमधले गट आणि ‘आधी सॉर्ट’चा वाद

यादीचे प्रकारानुसार गट पाडण्याआधी ती सॉर्ट करायलाच (क्रमाने लावायलाच) हवी का, इथे नवशिके अडतात; त्याचं मूळ पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या २.४ मध्ये आहे. नोव्हेंबर २००४ च्या या आवृत्तीने सॉर्टेड (क्रमाने लावलेली नवी यादी देणारं फंक्शन), सॉर्टमधला की (कशावरून क्रम लावायचा ते सांगणारा भाग) आणि आयटरटूल्स या मॉड्यूलमधला ग्रुपबाय (गट पाडणारं फंक्शन) एकदमच दिले. त्याआधी नोंदीपुढे तिचा प्रकार जोडून टपल (एकत्र बांधलेल्या मूल्यांचा संच) करायचा, टपल सॉर्ट करायचे आणि जोडलेलं पुन्हा काढायचं, असा द्राविडी प्राणायाम चाले.

वाद ग्रुपबायचा. डेटाबेसची सवय असलेल्याला वाटतं, एका प्रकारच्या नोंदी कुठेही असोत, तो गोळा करील. पण ग्रुपबाय फक्त लागून आलेल्या नोंदी एकत्र करतो, लागून आलेल्या सारख्या ओळींची एकच ओळ करणाऱ्या युनिक्सच्या युनिक (uniq) कमांडसारखा. पुण्याच्या मंडईतली यादी घ्या: मेथी (भाजी), अंजीर (फळ), वांगं (भाजी). थेट ग्रुपबाय लावला की गट तीन, त्यात भाजी दोनदा. त्याची डिक्शनरी (प्रत्येक नावाखाली, म्हणजे कीखाली, एकच मूल्य ठेवणारी रचना) केली तर दुसरी भाजी पहिलीच्या जागी बसते आणि मेथी गायब होते. एरर मात्र येत नाही! म्हणून आधी सॉर्ट, आणि सॉर्ट व ग्रुपबाय दोन्हीकडे की तीच. शिवाय मिळणारा गट लिस्ट नसतो. पुढच्या गटावर सरकलात की आधीचा रिकामा, म्हणून तो लगेच लिस्टमध्ये घ्यायचा. ग्रुपबायचे समर्थक म्हणतात, गट असे एकेक करून येत असल्यामुळे सगळा डेटा मेमरीत धरावा लागत नाही. मोठ्या फाइलींना हे लागू आहे, पण आधी सॉर्ट करायचं म्हटलं की सगळी यादी मेमरीत आलीच.

२००६ मध्ये २.५ ने डिफॉल्टडिक्ट (नसलेल्या कीला आपोआप सुरुवातीचं मूल्य देणारी डिक्शनरी) आणला, तेव्हाच नवशिक्यांपुरता हा वाद मिटायला हवा होता. त्याला लिस्ट द्यायची आणि लूपमध्ये प्रकाराच्या कीवर नोंद अपेंड करत (शेवटी जोडत) जायचं. सॉर्ट लागत नाही. गटांच्या क्रमाची हमी मात्र ३.७ ने २०१८ मध्ये दिली: जी की आधी आली ती आधी.

दरम्यान ३.० ने (२००८) मजकूर आणि नन (None, म्हणजे ‘मूल्य नाही’) यांची लहान-मोठी तुलना बंद केली. एका नोंदीचा प्रकार नन राहिला तरी सॉर्ट टाइपएरर (मूल्यांचे प्रकार जुळत नसल्याची एरर) देतो. कीमध्ये ननऐवजी रिकामी स्ट्रिंग (मजकूर) दिली की काम होतं.

मराठी याद्यांची अडचण अजून आहे तशीच आहे. स्ट्रिंगची तुलना युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या) क्रमांकांनी होते आणि तिथे ‘ळ’ हा ‘व’च्या आधी येतो. त्यामुळे केळी केवड्याच्या आधी लागतात. मराठी वर्णक्रमात उलट. तिथे आपला वर्णक्रम कीमधून स्वतःच द्यावा लागतो.